परवान्याची खिडकी

नाव ‘नागरी प्रशासन’, पण कारभार लष्कराचा! १९६७ साली इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतली. १९८१ पासून तिथल्या पॅलेस्टिनींचे परवाने हेच खाते देते. पूर्वी तिथले गवंडी, मजूर सरसकट मुभेवर इस्रायलमध्ये कामाला जात. जानेवारी १९९१ मध्ये ती मुभा गेली, माणशी परवाना आला आणि कचेरीपुढची रांग वाढली. नकाराचे कारण बहुधा एकच: ‘सुरक्षा’. कसली, ते विचारायचे कोणाला? ऑक्टोबर २०२३ नंतर तर बहुतेक मजुरांचे परवाने बंदच झाले.

रोजी बुडाली तर माणूस उसनवारीवर दिवस काढतो. पण आजारी लेकराला पूर्व जेरुसलेमच्या इस्पितळात न्यायचे असते. लेकराला परवाना मिळतो, आईला कधीकधी मिळत नाही. मग म्हातारी आजी सोबत जाते.