एक दिवस बिनकारणाचा

आपल्याकडे बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. लग्न, बारसं, मयत, नाहीतर देवदर्शन. माहेरी जायचं तरी ‘आईला बरं नाही’ असं काहीतरी सांगावं लागतं. घरातला पुरुष ‘जरा फिरून येतो’ म्हणून मित्रांबरोबर दिवसभर गेला तर कुणी ‘कशाला?’ असं विचारत नाही. तेच बाईनं म्हटलं की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या कपाळावर आठ्या!

म्हणूनच मैत्रिणींनो, माझं म्हणणं आहे की वर्षातला एक दिवस तरी बिनकारणाचा काढा. चौघीजणी मिळून सकाळची गाडी पकडा आणि संध्याकाळी परत या. नीरा, लोणंद, कराड, किर्लोस्करवाडी, मिरज या पट्ट्यातल्या बायकांना तर साताऱ्यासारखं ठिकाण नाही. डोंगर चढायला मिळतो आणि जुनं शहरही बघून होतं.

एसटीत 2023 च्या मार्चपासून आपल्याला निम्मं तिकीट आहे, त्याचा फायदा जरूर घ्यावा. पण अशा दिवसासाठी मी रेल्वेच सुचवेन. कारण साधं आहे. एक्स्प्रेस गाडीत संडास असतो. पुरुषांना हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण वाटेत पंचाईत नको म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्या कितीतरी जणी आपल्यातच आहेत. शिवाय गाडीत समोरासमोर बसून गप्पा होतात, डबे उघडता येतात.

सातारा स्टेशन गावापासून जरा लांब, माहुलीच्या बाजूला आहे. ऊन चढायच्या आत रिक्षा करून आधी अजिंक्यताऱ्याकडे निघा. हा किल्ला शहराच्या अगदी डोक्यावर आहे. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, तरी पायीच चढा. दम लागला तर बसा, कुणाशी शर्यत नाही. साडी असो की पंजाबी ड्रेस, पायात बूट मात्र हवेत. पावसाळ्यात वाट निसरडी असते, दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. वर गेल्यावर एका बाजूला यवतेश्वर, दुसरीकडे जरंडेश्वराचा डोंगर, लांबवर सज्जनगड आणि पायाशी अख्खं सातारा.

हा किल्ला 1700 साली औरंगजेबाच्या हाती पडला. राजाराम महाराज त्याच वर्षी गेले आणि विशीतल्या ताराराणींनी राज्याची सूत्रं हाती घेतली. पुढे 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला.

वर मंगळाईचं देऊळ आहे. घरी सांगताना ‘देवीला जातेय’ म्हणायचा मोह होईल. नका म्हणू! देवीच्या पाया जरूर पडा, पण तिला सबब करू नका. आपण एकदा सबब सांगितली की आपल्या लेकीसुनांनाही ती सांगावी लागते.

उतरल्यावर राजवाड्याकडे वळा. या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी छोट्या भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तिथून जवळच मोती चौकात कंदी पेढे घ्या. घरच्यांसाठी घ्यालच, पण त्यातले दोन तिथंच उभ्या उभ्या स्वतः खा.

परतीच्या गाडीआधी तासभर हाताशी ठेवा आणि संगम माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णा इथं भेटतात. घाट, दगडी देवळं आणि समाध्या. महाराणी येसूबाई आणि ताराराणी या दोघींच्या समाध्या इथल्याच. रायगड पडल्यावर 1689 मध्ये येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या, त्या परत आल्या 1719 मध्ये. तीस वर्षं! शाळेच्या पुस्तकात त्या आपल्याला एखाद्या ओळीत भेटल्या असतील. नदीकाठी दहा मिनिटं शांत बसलं की ती तीस वर्षं केवढी असतील ते उमगतं.

‘घरचं कोण बघणार?’ हा प्रश्न येणारच. एक दिवस घरातली माणसं भात-आमटी करून खाऊ शकतात. फार तर आमटीत मीठ जास्त पडेल. मुलांनाही कळू दे की आईला आई असण्यापलीकडे पाय आहेत आणि डोळेही आहेत.

खर्चाचं म्हणाल, तर साध्या डब्याचं तिकीट, रिक्षा आणि पेढे. भिशीच्या पैशांत सहज बसतं. अडतं ते पैशापाशी नाही, विचारण्यापाशी. म्हणून ‘जाऊ का?’ असं विचारू नका. चार दिवस आधी ‘रविवारी मी नाहीये’ एवढं सांगून टाका. आणि ‘कशाला चाललीस?’ असं कुणी विचारलंच, तर खरं तेच सांगा. फिरायला!