आधी अन्न, मग औषध

चीनमधील तांग काळातील वैद्य सुन सिमियाव यांनी सातव्या शतकात लिहून ठेविले की, वैद्याने प्रथम आहाराने रोग हटवून पाहावा. तो हटला नाही, तरच औषधाकडे वळावे. गलगंडावर ते समुद्रशैवाल देत. त्यातील आयोडिन जगास ठाऊक झाले ते १८११ मध्ये! चहाही तेथे औषधांत गणला जाई. आपण साखर ओतून त्याचे काय केले, ते वाचकांनी आपल्याच पेल्यात पाहावे.

मात्र "झाडपाला तो, अपाय काय करणार?" हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. बेल्जममध्ये १९९० नंतर वजन उतरविण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी दुसरी, विषारी मुळी पडली आणि शंभराच्या आसपास रुग्णांची, बहुतेक स्त्रियांचीच, मूत्रपिंडे बिघडली. दोन्ही मुळ्यांची चिनी नावे जवळजवळ सारखी. म्हणून पुडी दाखवावयास येणाऱ्यांस आम्ही प्रथम हेच विचारतो : हिचे नाव काय, आणि डॉक्टरांना दाखविली काय?