आजीची पांढरी गोळी

मुलांनो, आजीच्या डबीतली पांढरी, जाडजूड गोळी पाहिलीत ना? तिच्यात बहुधा चुनखडीत असतं तेच कॅल्शियम कार्बोनेट असतं! हाडांना ते हवंच. पण धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचलं, की त्या कडक होतात. मग गोळीमुळे तसं होतं का? २०१० साली ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. नुसतं कॅल्शियम घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके थोडे जास्त दिसले. पुढच्या काही पाहण्यांत मात्र तसं आढळलं नाही; वाद अजून चालूच आहे. गोळीने रक्तातलं कॅल्शियम पटकन वाढतं, जेवणातून सावकाश. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं बरं का! पण म्हणून आजीची गोळी लपवू नका हं. ती डॉक्टरांनाच विचारेल.