कुणाचा रे तू?

आमच्या उमापुरात नाव विचारण्याची पद्धत नाही. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले हे गाव. कापूस, थोडा ऊस, आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागणारी बिऱ्हाडे. सहा महिन्यांनी ती परततात तेव्हा पोरे वीतभर वाढलेली असतात. पारावरचा एखादा म्हातारा अशा पोराला थांबवून एवढेच विचारतो, "कुणाचा रे तू?" पोराने बापाचे नाव सांगितले की म्हाताऱ्याचे समाधान होते. पोराचे स्वतःचे नाव विचारायचे त्याला सुचतही नाही.

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहितो. यंदा 'ओळख' हा शब्द घेतला आहे आणि त्यासाठी मराठीच्या मास्तराला शरीरशास्त्राच्या अंगणात शिरावे लागले आहे. वाचकांनी एवढी घुसखोरी चालवून घ्यावी. निमित्त घरचेच आहे. ते पुढे येईल.

आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या काहींना टी-पेशी म्हणतात. शत्रू ओळखणे हा त्यांचा धंदा. त्यासाठी प्रत्येकीच्या अंगावर एका विशिष्ट प्रथिनाचे सुमारे ३०,००० नग असतात. त्याला ग्राही म्हणतात. पकडणारा, या अर्थाने. मौज अशी की हा ग्राही जंतूला सबंध पाहतच नाही. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते दाराशी मांडून ठेवते. तुकडा केवढा? आठ-दहा मण्यांच्या माळेएवढा. आणि तो मांडायला जो पाट असतो, तोही प्रथिनाचाच. त्याची घडण माणसामाणसात निराळी. टी-पेशी तुकडा आणि पाट दोन्ही एकदम पडताळून पाहते. तुकडा परका आणि पाट आपल्या घरचा, असे दिसले तर समजते की या घरात चोर शिरला आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर प्रयोग करून हे १९७४ साली दाखवले. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारावरच्या म्हाताऱ्याला ते कुणी दिले नाही, पण "कुणाचा तू" हा प्रश्न दोघांचाही एकच.

आता जगात जंतू किती! उद्या कोणता नवा उपजेल, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावे. मग त्याच्यासाठी ग्राही आधीपासून तयार कसा? इथे माझ्यातला व्याकरणाचा शिक्षक खूश झाला. मूठभर धातू, मूठभर उपसर्ग आणि प्रत्यय घेऊन भाषा अगणित शब्द घडवते. तसेच शरीर जनुकांचे थोडेसे तुकडे निरनिराळ्या रीतींनी जोडून ग्राहींचे कोट्यवधी आकार घडवते. जोडताना सांध्यावर मुद्दाम थोडी अशुद्धेही करते, आणि त्यामुळे विविधता आणखी वाढते. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण माझ्यापुढे करू नये! प्रतिपिंडांच्या बाबतीत ही युक्ती जपानच्या सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली उलगडली. टी-पेशींच्या ग्राहीची जनुके १९८४ साली हाती लागली.

असे अंदाधुंद शब्द घडवले की त्यांत निरर्थकही निघणार आणि शिव्याही निघणार. म्हणून छातीच्या हाडामागे एक ग्रंथी परीक्षेला बसलेली असते. इंग्रजीतून आलेले तिचे नाव थायमस. मराठी परिभाषाकारांनी तिला 'यौवनलोपी' म्हटले, कारण वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते. परिभाषेतल्या शब्दांची आपण पुष्कळ थट्टा करतो, पण हा शब्द मला एखाद्या नाटकातल्या नायिकेला शोभेलसा वाटतो. या ग्रंथीची परीक्षा मात्र निर्दय असते. घरचा पाट ओळखता न येणाऱ्या पेशी नापास, घरच्यांवरच धावून जाणाऱ्याही नापास. आणि नापास म्हणजे मृत्यू. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक तिथेच संपतात.

क्षयाची शंका आली की डॉक्टर हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी यायला सांगतात, हा अनुभव पुष्कळ घरांत असेल. तो उशीर डॉक्टरांच्या सवडीसाठी नसतो. जुनी ओळख आठवून टी-पेशी त्या जागी जमायला तेवढा वेळ लागतो.

कर्करोगाचे दुखणे असे की तिथे चोर बाहेरचा नसतो. पेशी आपलीच, पाट आपलाच, तुकडेही बहुतेक आपलेच. कित्येकदा तर तो पाटच आत ओढून घेतो. टी-पेशी शेजारून निघून जाते.

आमच्या भावकीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो हटला आणि वर्षाने परत आला. मुंबईच्या डॉक्टरांनी 'कार-टी' नावाचा उपचार सुचवला. या युक्तीत त्याच्याच टी-पेशी काढून घेतात आणि त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यातून उगवणारा ग्राही जोडकामाचा असतो: बाहेरचे टोक प्रतिपिंडाचे, आतली तार टी-पेशीच्या ग्राहीचीच. त्याला पाट लागत नाही. बी-पेशींच्या अंगावर सीडी-१९ नावाची खूण असते, ती तो सरळ धरतो. खूण निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे सुक्याबरोबर ओलेही जळते. पण बी-पेशींवाचून माणसाला सांभाळता येते.

ही विद्या आपल्याकडे पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या चमूने आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या गौरव नरुला, हसमुख जैन या डॉक्टरांनी सिद्ध केली. पहिला रुग्ण ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उपचाराचे लोकार्पण झाले. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. परदेशात याला तीन-चार कोटी रुपये पडतात, इथे ३० ते ४० लाख.

मुलाचा बाप मला म्हणाला, "भाऊ, रगत आमच्याच पोराचं, पेशी आमच्याच पोराच्या. मग एवढे पैसे कशाचे?"

प्रश्न अडाणी नव्हता. मी त्याला समजावले, की गोळी एकदा साधली की लाखांनी पाडता येते. हे औषध एकाच रुग्णापुरते, प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते. जनुक आत पोचवायला निकामी केलेला विषाणू लागतो, धुळीचा कण नसलेली खोली लागते, दिवसेंदिवस पेशी वाढवणारी माणसे लागतात. त्याने सगळे ऐकून घेतले. मग सहा एकरांतले चार एकर विकले. उरलेल्या रकमेसाठी धर्मादाय संस्थांकडचे अर्ज मी लिहिले. माझ्या एम.ए.चा एवढा रोख उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. कमी खर्चात म्हणताना आपण परदेशाशी तुलना करतो, उमापूरच्या चार एकरांशी करत नाही, हेही तेव्हा ध्यानात आले.

सगळ्या खटाटोपानंतर पेशींची पिशवी आली ती ओंजळीएवढी. पंधरा मिनिटांत शिरेतून आत गेली. तिसऱ्या दिवशी मुलाला सणकून ताप भरला. बापाची गाळण उडाली. डॉक्टरांनी संसर्ग नाही ना, याची तपासणी सुरू केली, पण ते म्हणाले की पेशी कामाला लागल्या म्हणजेही असाच ताप येतो आणि त्यावर औषध आहे. रात्री अकराला त्याचा मला फोन आला. "भाऊ, वळख पटली म्हणायची का?"

पटली असावी, असे मी म्हणालो. ताप चौथ्या दिवशी उतरला. मज्जेची तपासणी कार्तिकी एकादशीच्या आसपास आहे.