पान मोजू नका, बोंड मोजा



जग हिरवे होत आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. ते खोटे नाही. १९८२ ते २००९ या काळातील उपग्रहांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पृथ्वीवर जिथे जिथे झाडपाला आहे त्यातील २५ ते ५० टक्के भागावर पाने वाढलेली आढळली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चीन आणि भारत यात सर्वांत पुढे निघाले. भारतातील ही हिरवाई बहुतेक शेतातली. ओलिताच्या, खताच्या आणि वर्षातून दोन-दोन पिकांच्या जोरावर आलेली. कोरडवाहूवाल्याने एवढेच विचारायचे: पाने वाढली, माझ्या घरात काय वाढले?

जगभरच्या हिरवाईचे मोठे कारण म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड. कारखानदारीपूर्वी तो हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. हाच वायू खाऊन पीक वाढते. म्हणून काही पंडित म्हणतात, हवामान बदलाचे भय कशाला? फुकटचे खत मिळते आहे!

हे खत सगळ्या पिकांना सारखे लागू पडत नाही. अमेरिकेत अॅरिझोना राज्यातील मॅरिकोपा येथे उघड्या शेतात नळ्यांनी हा वायू सोडून प्रयोग झाले, १९८९ ते १९९१ कापसावर आणि १९९८-९९ मध्ये ज्वारीवर. कापसाचे उत्पादन भरघोस वाढले. भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीला मात्र जवळजवळ काही लाभ झाला नाही, कारण ज्वारीच्या पानात हा वायू साठवून घेण्याची सोय निसर्गानेच केलेली आहे. पाण्याचा ताण दिलेल्या ज्वारीला थोडा फायदा झाला, कारण तिचे पाणी जरा जास्त दिवस पुरले.

म्हणजे गाडी शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. तेवढे बाष्प मिळाले नाही, की तिची तहान वाढते आणि ती जमिनीतून व पानातून पाणी ओढते. पीक जीव वाचवायला पानांची रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण घासही बंद होतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात हेच घडले. उष्णता आणि अवर्षण यांनी तिथल्या रानाशेतांची अन्न तयार करण्याची क्रिया सुमारे ३० टक्क्यांनी घटवली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हवेची ही तहान वाढत गेली आणि जगाच्या मोठ्या भागात झाडांची वाढ तिने रोखली, असा निष्कर्ष २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात निघाला.

आपल्याला हे पुस्तकातून शिकायला नको. पावसाने वीस दिवस दडी मारली आणि नंतर झोडपले, की पऱ्हाटी कमरेएवढी होते, पण पाते गळून गेलेले असते. रबी ज्वारी तर जमिनीतल्या ओलीवर जगते. ओल उडाली की ताटे उभी राहतात, कणीस भरत नाही. रस्त्यावरून जाणारा साहेब म्हणतो, यंदा पीक झकास आहे!

आता हा साहेब आभाळात गेला आहे. २०२३ साली केंद्र सरकारने पीक विम्यात उपग्रहाच्या मदतीने उत्पन्न ठरवण्याची पद्धत आणली. सुरुवात भात आणि गव्हापासून केली. यंत्राशी आपले वैर नाही. पण आभाळातून दिसते ते पान. बोंड आणि दाणा दिसत नाही. म्हणून आपली मागणी साधी आहे: कपाशी आणि ज्वारीचा निवाडा एकट्या हिरवेपणावर होता कामा नये. पीक कापणी प्रयोग शेतकऱ्यासमोर व्हावा आणि वजनाचा कागद त्याच दिवशी त्याच्या हाती पडावा.

मागणीला पुरावा लागतो. तेव्हा प्रत्येक गावाने एक वही घालावी. पेरणीची तारीख, पावसाचे खंड, पातेगळ, वेचणीगणिक वजन, एवढे लिहावे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही घेऊन या.