ओढू नका, आणि कापायची घाईही करू नका

सोलापूरकर आईवडिलांनो, बाळाला न्हाऊ घालताना तेलाचं बोट लावून शूच्या जागेची कातडी रोज थोडी मागे ओढायची, ही रीत आपल्याकडे अनेक घरांत अजून चालते. ती आजपासून थांबवा. जन्मतः ही कातडी बोंडाला आतून चिकटलेलीच असते, नखाखालच्या मांसासारखी. वय वाढेल तशी ती आपोआप सुटते, आणि प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो. डेन्मार्कमधल्या याकोब ओस्टर या डॉक्टरांनी शाळकरी मुलांच्या तपासण्यांचे निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध केले. सहा-सात वर्षांच्या १०० पैकी ६३ मुलांची कातडी थोडीफार चिकटलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी असे फक्त ३ उरले. मग पाच वर्षांच्या पोराची कातडी मागे जात नाही म्हणून त्याला ऑपरेशनच्या टेबलावर का न्यायचं? जोर लावून ओढल्यावर आत बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो, आणि जे आपोआप सुटणार होतं ते खरोखर आवळून बसतं. न झालेला आजार आपणच घडवतो.

खरा आजारही असतो, आणि तो ओळखायला डोळे पुरतात. निरोगी मुलाची कातडी हलकेच मागे घेतली तर टोक मऊ, गुलाबी, कळीसारखं उमलताना दिसतं. आजारात तिथे पांढरट, कडक, न ताणणारं कडं दिसतं. शू करताना कातडी फुगते, पण धार चांगली आहे आणि दुखत नाही, तर घाबरायचं कारण नाही. कातडीखाली पिवळट-पांढरी गाठ दिसली तर तोही बहुधा पू नसतो, साचलेला मळ असतो. मात्र मूल कुंथत असेल, धार दोऱ्यासारखी बारीक असेल, वारंवार सूज, पू किंवा तापासह लघवीचा संसर्ग होत असेल, तर डॉक्टर गाठा. मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल आणि बोंड सुजत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

आवळलेल्या कातडीवर पहिला उपाय बहुतेकदा मलम असतो. बीटामेथासोनचं मलम डॉक्टर सांगतील तसं, साधारण चार ते आठ आठवडे, आवळलेल्या कड्यावर लावलं की बहुसंख्य मुलांची कातडी सैल होते. पण मेडिकलमधून गजकर्णाची मिश्र ट्यूब स्वतःच आणून लावू नका. तिच्यातलं स्टेरॉइड फार तीव्र असू शकतं. पांढरं कडक कडं असेल, तर मात्र ऑपरेशन टाळत बसणं ही चूक आहे. तो व्रण मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत पसरू शकतो.

काही जण म्हणतील, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात स्वच्छता राखायची कशी, कापलेलं बरं. पण न सुटलेल्या कातडीच्या आत धुवायचं काहीच नसतं, आणि सुटल्यावर मुलाला आंघोळीत तांब्याभर साधं पाणी पुरतं. लघवीचा संसर्ग टळतो, हा दावा खरा आहे. पण २००५ च्या एका संशोधन-आढाव्यानुसार निरोगी मुलांत एक संसर्ग टाळायला सुमारे १११ जणांची सुंता करावी लागते. ज्याला संसर्ग पुन्हापुन्हा होतो, त्याचा हिशेब वेगळा, आणि तिथे ऑपरेशनचा सल्ला रास्त ठरतो. धर्माने सुंता करणाऱ्या कुटुंबांशी आमचा वाद नाही. त्यांना एवढीच विनंती की आधी डॉक्टरकडून लघवीचं छिद्र बघून घ्या. ते टोकावर नसून खाली असेल, तर दुरुस्तीच्या ऑपरेशनला हीच कातडी लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात. पथकाने ऑपरेशनची चिठ्ठी दिली तर तीन प्रश्न विचारा: कडं पांढरं आहे का, मलम लावून पाहिलं का, आणि सहा महिने थांबलं तर काय बिघडेल. उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. ते लिहून देणं डॉक्टरांना जड जाऊ नये, आणि ते मिळेपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका.