शस्त्राची किंमत आणि शस्त्राचे ऋण

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांकडे मराठीच्या अभ्यासकाने का पाहावे, असा प्रश्न प्रथम पडेल. त्याचे उत्तर साधे आहे. हा खेळ म्हणजे चारपाच जणांनी मिळून तोंडी रचलेली कथा असते. एक जण निवेदक होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि पात्राचा प्रयत्न साधला की फसला हे फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा आद्य खेळ. आज तो पुण्यामुंबईतही खेळला जातो, आणि त्याचे नियम उचलणाऱ्या संगणकीय खेळांतून त्याची रीत कुठेही पोचू शकते. आमचा गोंदिया जिल्हाही त्याला अपवाद नाही. या खेळात पात्र घडवताना खेळाडूला शस्त्र निवडावे लागते. ही निवड कशी होते आणि तीत काय निसटते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९७४ च्या मूळ नियमांत खंजीर काय नि परशू काय, घाव सारखाच होता. सहा बाजूंचा एक फासा टाकायचा. त्यामुळे पात्राच्या स्वभावाला शोभेल ते शस्त्र घेण्यात तोटा नव्हता. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने हे चित्र पालटले. शस्त्रागणिक फासा वेगळा झाला. खंजिराला चार बाजूंचा, तलवारीला आठ बाजूंचा. २०१४ च्या नियमांत दोन हातांनी पेलायच्या मोठ्या तलवारीला सहा बाजूंचे दोन फासे आहेत, तर मोठ्या परशूला बारा बाजूंचा एक. तलवारीची सरासरी सात, परशूची साडेसहा. शिवाय तलवारीचा घाव दोनखाली जात नाही. मुरलेला खेळाडू हा हिशेब क्षणात करतो आणि तलवार उचलतो. विळा आणि गोफण यांच्या वाट्याला चारच बाजूंचा फासा असल्यामुळे त्यांच्याकडे वळण्याचे हिशेबी कारण उरत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनी शस्त्रांना वेगवेगळ्या खुब्या देऊन निवड थोडी रुंदावली आहे, हे मान्य करायला हवे. तथापि शस्त्राची ओळख मात्र ‘ते शत्रूचे काय करते’ एवढ्यावरच बेतलेली राहिली.

दुसरीकडे, शस्त्र खेळाडूच्या हाती येते ते बहुधा दरपत्रकातून. विळ्याला एक सुवर्णमुद्रा, लांब तलवारीला पंधरा. पैसे मोजले की व्यवहार संपला. महाभारतात असा व्यवहार संपत नाही, आणि आमच्या मते कथा म्हणून त्याचे बळ नेमके इथे आहे.

गांडीव अर्जुनाला कुठे मिळाले? खांडववनाच्या काठी. ते वन जाळण्यास साहाय्य हवे म्हणून अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने ते दिले. म्हणजे या धनुष्याचे पहिले काम कौरवांशी युद्ध हे नव्हे, तर एक अरण्य त्यातल्या जिवांसकट भस्म होत असताना पळणाऱ्यांची वाट अडवणे हे होय. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या प्रसंगाकडे पाहायला आपल्याला शिकवले. आणि महाप्रस्थानाच्या वेळी तोच अग्नी आडवा येऊन गांडीव परत मागतो. अर्जुन ते पाण्यात सोडतो. शस्त्र उसनवारीचे होते, याची आठवण व्यास शेवटपर्यंत ठेवतात.

कर्णाच्या वासवी शक्तीचा हिशेब याहून कठोर आहे. कवचकुंडले देऊन मिळालेले, एकदाच वापरता येणारे हे अस्त्र तो अर्जुनासाठी राखून ठेवतो. मोलाची वस्तू ‘पुढे लागेल’ म्हणून जपणाऱ्या प्रत्येक खेळाडूला कर्ण जवळचा वाटावा. पण ती शक्ती खर्ची पडते घटोत्कचावर, हिडिंबेच्या रानातल्या पोरावर, आणि त्याच्या मृत्यूने पांडव शोकात असता कृष्ण आनंदित होतो. शस्त्र कोणी निवडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

इथे एक आक्षेप संभवतो. खेळ जिंकण्यासाठी असतो. खेळाडूने प्रभावी शस्त्र निवडले तर बिघडले कुठे? काहीच नाही. दुर्योधनही तेच करतो. डोहातून बाहेर आल्यावर युधिष्ठिर त्याला हवे ते शस्त्र घ्यायला सांगतो, आणि पाचांपैकी एकाला हरवले तरी राज्य तुझे, असे वचन देऊन बसतो. दुर्योधन गदा निवडतो. तेरा वर्षे भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर त्याने तिचाच सराव केलेला असतो. येथवर हिशेब चोख आहे. परंतु नकुल वा सहदेव यांना आव्हान देऊन राज्य सहज जिंकता आले असते, ती वाट तो घेत नाही. तुमच्यापैकी कोणीही गदा घेऊन यावे, असे तो म्हणतो. हिशेब जिथे थांबतो तिथे दुर्योधन नावाचे पात्र आपल्याला दिसते. हिशेब वाईट नाही. निवडीत केवळ हिशेबच उरला, की पात्र दिसेनासे होते.

म्हणून लांब तलवारीच्या जागी दांडपट्टा ठेवला की खेळ मराठी झाला, असे आम्हांला वाटत नाही. त्याने नाव बदलेल, दृष्टी बदलणार नाही. झाडीपट्टीत कुऱ्हाड हे आधी घरातले अवजार आहे. सरपण, कुंपण, घराचे लाकूड, सारे तिच्यावर. विळा धानाच्या कापणीचा. ही अवजारे हाती घेणाऱ्या पात्राला घर असते, हंगाम असतो, तोडलेल्या झाडांचा जाब असतो. शिवाय सालेकसा, देवरी या तालुक्यांनी नक्षलवादाची दशके पाहिली आहेत. जे शस्त्र आपण निवडले नाही त्याची किंमत गावाला कशी मोजावी लागते, हे इथल्या विद्यार्थ्याला शिकवावे लागत नाही. नायकाच्या हाती शस्त्र देताना मात्र हे ज्ञान बाजूला ठेवून तो आठ बाजूंचा फासा मोजणार असेल, तर ती केवळ खेळाची हानी नव्हे, त्याच्या लेखनाचीही आहे.

यावर उपाय अवघड नाही. शस्त्र निवडताना फाशाबरोबर तीन प्रश्न विचारावेत. ते कोणाकडून आले? त्याच्या बदल्यात काय गेले, आणि कोणाचे? ते परत कधी द्यावे लागेल? निवेदकाने हे प्रश्न खेळात विचारावेत, मराठीच्या प्राध्यापकाने कथालेखनाच्या तासाला. उत्तरे मिळाल्यावर विद्यार्थ्याने खुशाल मोठी तलवार घ्यावी. ती कोणाच्या तरी घरातून आलेली आहे, एवढे त्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.